इंजिनातले बोल्टचे आटे गेले? हेलिकॉइल घरी कसं बसवायचं, सगळं सविस्तर

बोल्ट आवळताना पाना जड होत जातो, मग एकदम हलका पडतो आणि बोल्ट नुसताच गोल गोल फिरायला लागतो, तेव्हा पहिलं काम म्हणजे पाना खाली ठेवायचा. बहुतेक नुकसान "अजून थोडं बघू, कदाचित पकडेल" यातच होतं. आटे गेलेत म्हणजे इंजिन गेलं असं अजिबात नाही, उलट हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची स्टीलच्या तारेची स्प्रिंग, घालून नीट दुरुस्त केलेलं भोक ओरिजिनलपेक्षा जास्त मजबूत होतं कारण ॲल्युमिनियमच्या आट्यांच्या जागी आता स्टीलचे आटे आलेले असतात. आणि हे काम घरी, पार्किंगमध्ये, संडेच्या दुपारी करता येतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, यात आटे पाडायला कौशल्य कमी लागतं, भोक सरळ ठेवायला जास्त लागतं. हा लेख वाचताना बाकी काही विसरलात तरी चालेल, ते विसरू नका.

आटे जातात का?

आजकालच्या पेट्रोल गाड्यांचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) जवळपास सगळ्यांचंच ॲल्युमिनियमचं, बऱ्याच जणांचा ब्लॉकही (खालचा मुख्य भाग) ॲल्युमिनियमचा, आणि बोल्ट मात्र कडक स्टीलचा. ताण जास्त झाला की मऊ बाजू हरणार, म्हणजे भोकाचे आटे कातरून निघणार. आपल्याकडे नाशिकला पिंपळगाव, निफाडच्या बाजूला जुन्या ट्रॅक्टरवर काम करणारे मिस्त्री बिडाच्या ब्लॉकवर हात बसलेले असतात, तिथे थोडं जास्त आवळलं तरी खपून जातं, तोच हात ॲल्युमिनियमच्या हेडवर चालवला की झालं काम.

बाकी कारणं म्हणजे एअर गनने थेट बोल्ट बसवणं (काढायला वापरा, बसवायला नको), बोल्ट वाकडा धरून पान्यानेच पहिले वेढे फिरवणं, चुकून आखूड बोल्ट लावणं ज्याचे तीन-चारच आटे पकडतात, आणि एक जे फारसं कुणी सांगत नाही, तेल लागलेल्या बोल्टला कोरड्या बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) देणं. तेलामुळे घर्षण कमी होतं, त्यामुळे पान्यावर तेवढाच जोर लावला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. अजून एक, बंद भोकात तळाशी तेल किंवा कूलंट साचलेलं असेल आणि वरून बोल्ट दाबला तर ते द्रव कुठेच जाऊ शकत नाही, अशा वेळी आटेच काय, आजूबाजूचं कास्टिंगसुद्धा तडकू शकतं. म्हणून बोल्ट बसवायच्या आधी भोक साफ आणि कोरडं करायची सवय लावून घ्या.

आधी नीट बघा, मग ठरवा

बोल्ट बाहेर काढा. बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाहीये असं असेल तर बोल्टच्या डोक्याखाली किंवा ब्रॅकेटखाली चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलका वरच्या बाजूला दाब द्या आणि त्याचवेळी उलटा फिरवा, म्हणजे जे काही उरलेले आटे आहेत त्यांना तो पकडतो.

बाहेर आलेला बोल्ट उजेडात धरा. त्याच्या आट्यांमध्ये चकचकीत ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली दिसत असेल, नखाने ओढली की सलग सुटून येणारी, तर ते तुमच्या भोकाचे आटे आहेत, बोल्टने आपल्याबरोबर आणलेले. मग दुसरा कुठला उपाय नाही, इन्सर्टच (भोकात बसणारे स्टीलचे तयार आटे, हेलिकॉइल त्यातलाच एक प्रकार) बसवायचा. पण बोल्ट स्वच्छ आहे, फक्त पहिले एक-दोन आटे चेपलेत, आणि भोकात टॉर्चने बघितलं तर आत खोलवर आटे शाबूत दिसतायत, तर काम सोपं आहे. तिथे थ्रेड चेसर फिरवायचा. चेसर आणि टॅप दिसायला सारखे पण काम वेगळं, चेसर चेपलेले आटे सरळ करतो, टॅप नवीन कापतो. नेहमीचा टॅप जुन्या आट्यात घातला तर तो थोडंफार चांगलं मटेरियलसुद्धा खाऊन टाकतो आणि आटे ढिले होतात. चेसर नसेल तर जुना तसाच बोल्ट घ्या, टोकापासून वर दोन-तीन उभ्या खाचा ग्राइंडरने किंवा त्रिकोणी कानशीने पाडा, कडांना उरलेली खरखरीत बर घासून काढा, तेल लावून हाताने फिरवा. हे जुगाड आहे पण चांगलं जुगाड आहे.

कधी कधी भोक ठीक असतं आणि बोल्टच खराब असतो. त्यावर नवीन नट हाताने फिरवून बघा, कुठे अडकला की समजलं.

आता पुढची गोष्ट, हे भोक कशाचं आहे. अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट, टॅपेट कव्हर, थर्मोस्टॅट हाउसिंग, इनटेक मॅनिफोल्ड, ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग, ही घरी करण्यासारखी कामं. सिलिंडर हेडचे बोल्ट, मेन बेअरिंग कॅप, कनेक्टिंग रॉड, ब्रेक कॅलिपर, याला घरी हात लावू नका. हेड बोल्टचे आटे दुरुस्त होतात, होत नाहीत असं नाही, पण तिथे भोक खोल असतं, टॉर्क प्रचंड असतो आणि जिग (ड्रिल सरळ धरून ठेवणारा साचा) लावून अगदी काटकोनात ड्रिल करावं लागतं. ते काम अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या चांगल्या मशीन शॉपवाल्याला द्या, मिलिंग मशीनवर लावून करून देईल. पार्ट छोटा आणि सुटा होणारा असेल, जसं की थर्मोस्टॅट हाउसिंग, तर तो हातात घेऊन तिकडे जाणं हे घरी ड्रिल घेऊन झुंजण्यापेक्षा कधीही शहाणपणाचं. माझं सरळ मत आहे की सुटणारा पार्ट लेथवाल्याकडे, न सुटणारा घरी.

काय नको ते आधी

बोल्टला टेफलॉन टेप गुंडाळून बसवणं, भोकात एम-सील किंवा अराल्डाइट भरून बोल्ट दाबणं, तांब्याची तार घालून पकड आणणं, एक साइज मोठा बोल्ट ठोकून फिरवणं. शेवटचा प्रकार तर ड्रेन प्लगला सर्रास होतो, स्वतःच आटे पाडणारा मोठा प्लग मिळतो तो लावून देतात. एकदा बसला की बसला, पण दर ऑइल चेंजला काढला-घातला की चेंबर अजून खराब होतो. टेप आणि एपॉक्सीचं म्हणाल तर गरम-थंड होणाऱ्या आणि थरथरणाऱ्या जागी ते टिकत नाही, आणि नंतर जो कुणी नीट दुरुस्ती करायला जाईल त्याला आधी ते कोरून काढावं लागतं.

हेलिकॉइल म्हणजे काय आणि टाइमसर्ट कधी

हेलिकॉइल ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग, पण तार गोल नाही, तिचा छेद हिऱ्याच्या आकाराचा असतो, म्हणजे बाहेरच्या बाजूनेही आटे आणि आतल्या बाजूनेही आटे. भोक थोडं मोठं करून त्यात खास टॅपने आटे पाडायचे, त्यात ही स्प्रिंग फिरवून बसवायची, आतून परत तुमचा ओरिजिनल साइजचा बोल्ट बसतो. म्हणजे एम ८ चा (८ मिमी व्यासाचा) बोल्ट एम ८ चाच राहतो, हीच यातली मजा.

टाइमसर्ट ही स्प्रिंग नसून सलग स्टीलची बुश असते, वर छोटी कॉलर, खाली शेवटचे आटे बसवताना टूलने बाहेर दाबले जातात आणि ती जागेवर लॉक होते. जास्त मजबूत, पण किट बरंच महाग आणि आपल्याकडे दुकानात सहसा मिळत नाही, मागवावं लागतं. वारंवार काढ-घाल होणाऱ्या जागी, म्हणजे स्पार्क प्लग, किंवा हेड बोल्टसारख्या जास्त ताणाच्या जागी ते घ्या. ब्रॅकेटच्या बोल्टला हेलिकॉइल बस झालं.

सामान

बोल्टच्या साइजचं हेलिकॉइल किट. किटमध्ये ड्रिल बिट, टॅप, बसवायचं टूल, कॉइलच्या खालच्या टोकाची आडवी शेपटी तोडायचा पंच आणि कॉइल येतात. ऑनलाइन सगळ्या साइजचे मोठे बॉक्स दिसतात, त्यातले टॅप बऱ्याचदा इतके मऊ असतात की दुसऱ्या भोकाला धार जाते, त्यापेक्षा एकाच साइजचं चांगलं किट घ्या. सातपूर-अंबडच्या बाजूला कटिंग टूल्स विकणारी दुकानं आहेत, तिथे "हेलिकॉइल" म्हटलं की समजतं, आणि टॅप वेगळा मागितला तर स्पष्ट सांगा की हेलिकॉइलचा टॅप हवा, कारण तो नेहमीच्या टॅपपेक्षा जाड असतो. एम ८ च्या हेलिकॉइल टॅपचा बाहेरचा व्यास साधारण ९.६ मिमी भरतो, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मात्र तेच १.२५. साधा एम १० चा टॅप आणून चालणार नाही, त्याचं पिच १.५.

बाकी, व्हेरिएबल स्पीडची ड्रिल मशीन, टॅप हँडल, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), छोटा गुण्या, टॉर्क रेंच, ग्रीस, जुने बनियन-टीशर्टचे फडके, चष्मा. पाने-पकडी तर टपारियाच्या असतीलच, कारखाना आपल्या सातपूरलाच आहे, नाशिककराच्या घरात दुसरा ब्रँड सापडला तर नवलच. टॉर्क रेंच मात्र कुणाचा तरी मागून का होईना, पण वापरा.

पिच तपासल्याशिवाय किट मागवू नका. एम १० मध्ये १.५ पण असतं आणि १.२५ पण असतं, गाड्यांमध्ये दोन्ही सापडतात. पिच गेज नसेल तर ओळखीच्या पिचचा दुसरा बोल्ट घ्या, दोघांचे आटे एकमेकांत बसवून लाइटकडे धरा, मधून उजेड दिसला नाही तर पिच सारखं. किंवा व्हर्नियरने दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागा.

ड्रिलचे साइज साधारण असे. एम ६ बाय १ ला ६.३ मिमी, एम ८ बाय १.२५ ला ८.३ किंवा ८.४, एम १० बाय १.५ ला १०.४, एम १२ बाय १.७५ ला १२.५ च्या आसपास. किटच्या डब्यावर जे लिहिलंय ते अंतिम माना, कंपनीगणिक एखाद्या दशांशाचा फरक असतो. कॉइलची लांबीही बघायची, ती बोल्टच्या व्यासाच्या पटीत येते, एकपट, दीडपट, दुप्पट. ॲल्युमिनियममध्ये किमान दीडपट घ्या, म्हणजे एम ८ ला १२ मिमी. भोक पुरेसं खोल असेल तर दुप्पट.

आता प्रत्यक्ष काम

उदाहरण म्हणून एसी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचा एम ८ चा बोल्ट घेऊ, जो ब्लॉकमध्ये बंद भोकात जातो. नवीन माणसाने पहिल्यांदा असंच भोक घ्यावं, बाहेरच्या बाजूला, ज्यात पडलेला चुरा इंजिनच्या आत जायची भीती नाही. आणि तेही करायच्या आधी लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा एक जाड भंगार तुकडा आणा, त्यात ८ चं भोक पाडून पूर्ण प्रोसेस एकदा करून बघा. कॉइल एक वाया जाईल, जाऊ दे.

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण अल्टरनेटर-स्टार्टर जवळच असतात आणि पाना कुठे तरी टेकतोच. बेल्ट ढिला करा, जागा मोकळी करा. हात आणि ड्रिल मशीन भोकासमोर सरळ उभी राहतेय का ते आधीच बघा, नंतर कळलं की रेडिएटर आडवा येतोय तर काही उपयोग नाही. जागा कमी असेल तर राइट अँगल ड्रिल लागेल, किंवा चाक आणि आतलं प्लास्टिक कव्हर काढून खालच्या बाजूने रस्ता मिळतो. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

भोकाची खोली मोजा. व्हर्नियरच्या मागची दांडी आत घाला, आकडा लिहून ठेवा. ड्रिल बिटवर तेवढ्याच अंतरावर रंगीत टेप गुंडाळा. तळ फोडून पुढे गेलात तर पलीकडे पाण्याचा किंवा तेलाचा रस्ता असू शकतो, मग छोटं काम मोठं होतं. आपल्याला भोक खोल करायचं नाहीये, फक्त रुंद करायचंय.

ड्रिलिंग. इथे एक ट्रिक आहे जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. ब्रॅकेटला बाकीचे बोल्ट शाबूत असतील तर ब्रॅकेट त्याच्या जागी नीट कसून लावा, आणि त्याच्याच भोकातून ड्रिल घाला. एम ८ च्या बोल्टसाठी ब्रॅकेटचं भोक साधारण ९ मिमी असतं, ८.४ चं ड्रिल त्यातून जेमतेम जातं, म्हणजे ते आपोआप जागेवर आणि बऱ्यापैकी सरळ राहतं. फुकटचा जिग. टॅप मात्र त्यातून जाणार नाही, तेव्हा ब्रॅकेट काढायचा. ब्रॅकेट असा नसेल तर दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या लोखंडी तुकड्यात लेथवाल्याकडून ८.४ चं सरळ भोक पाडून घ्या आणि तो तुकडा गाइड म्हणून भोकावर धरा. तेही नसेल तर गुण्या उभा ठेवून मित्राला एका बाजूने बघायला लावा, तुम्ही दुसऱ्या बाजूने बघा. एका माणसाला एकाच दिशेचा कल दिसतो, दुसऱ्या दिशेला ड्रिल झुकलंय हे त्याला कळतच नाही.

गेलेल्या आट्यांचं भोक आधीच आठच्या जवळपास झालेलं असतं, त्यामुळे ड्रिलला फार काही कापायचं नसतं, चारी बाजूंनी जेमतेम केसाएवढं. त्यामुळे ते जुन्या भोकाच्या मागे मागे जातं, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की ॲल्युमिनियममध्ये ड्रिल एकदम स्क्रूसारखं आत ओढलं जातं आणि मशीन हातातून फिरते. म्हणून स्पीड हळू, मशीन दोन्ही हातांनी, दाब अगदी कमी. मधे मधे बाहेर काढून चुरा झाडा. थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी ४० मारत राहा, ॲल्युमिनियम ड्रिलच्या धारेला चिकटतं ते मग चिकटत नाही. बिडाचा ब्लॉक असेल तर तेल नको, बीड कोरडंच कापतात. एम ६ च्या भोकाला तर मशीन न वापरता ड्रिल बिट टॅप हँडलमध्ये धरून हाताने फिरवलं तरी होतं, वेळ लागतो पण चुकायला वाव कमी.

भोक हवेने साफ करा. चष्मा घालून. तोंडाने फुंकू नका, चुरा थेट डोळ्यात येतो.

टॅपिंग. टॅपला रॉकेल लावा, भोकात उभा धरा आणि पहिले दोन वेढे फक्त बोटांनी किंवा अगदी हलक्या हाताने. एका वेढ्यानंतर थांबून गुण्या लावा, मग नव्वद अंशात फिरून परत लावा. वाकडा असेल तर आत्ताच कळतं आणि आत्ताच सुधारता येतं, तीन-चार वेढे गेल्यावर टॅप वाकवून सरळ करायला जाल तर टॅप तुटेल. पकडला की पुढे अर्धा वेढा, मागे पाव वेढा, पुढे अर्धा, मागे पाव. मागे फिरवताना हाताला बारीक "कट" असं जाणवतं, तो कीस तुटतोय. ते जाणवणं थांबलं आणि टॅप स्पंजासारखा दबायला लागला, थोडा फिरतो आणि परत मागे येतो, म्हणजे खाचा भरल्यात. पूर्ण बाहेर काढा, ब्रशने साफ करा, परत घाला. बंद भोकात तळाला टेकला की जोर लावू नका. शेवटपर्यंत आटे हवे असतील तर चपट्या टोकाचा बॉटमिंग टॅप लागतो, किटमधला बहुतेक वेळा मधल्या प्रकारचा असतो, आणि एवढ्या कामाला तो पुरतो कारण कॉइल तळापर्यंत न्यायचीच नसते.

परत हवा मारा, मग कपड्यावर थोडं पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर घेऊन आतून पुसा, परत हवा. या पायरीला कंटाळा करू नका, आट्यात अडकलेला एक कण कॉइलला वाकडी बसवतो.

कॉइल. टूलवर कॉइल अशी चढवा की तिच्या खालच्या टोकाची आडवी शेपटी टूलच्या खाचेत बसेल. भोकावर ठेवून, वरून दाब न देता, सरळ फिरवत आत न्या. दाब दिला तर कॉइल एक आटा सोडून पुढच्या आट्यात उडी मारते. एकदा आत जायला लागली की मागे फिरवू नका, शेपटी तुटते आणि कॉइल अर्धवट अडकते. वरचं टोक पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा वेढा गेलं की थांबा. वर आलेली असेल तर ब्रॅकेट तिच्यावरच टेकेल.

मग शेपटी तोडायची. पंच शेपटीवर सरळ उभा ठेवा आणि हातोडीने एकच नेमका ठोका. टक करून तुटते, कारण तिथे आधीच खाच दिलेली असते. तुकडा ग्रीस लावलेल्या काडीने बाहेर काढा. बंद भोकात बोल्ट शेपटीपर्यंत पोचतच नसेल तर ती तशीच ठेवली तरी चालतं, पण मी तोडून टाकतो.

कॉइलला लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावायचं का, हे प्रत्येक जण विचारतो. गरज नाही. कॉइल मुळात भोकापेक्षा थोडी मोठी असते, दबून आत जाते आणि स्वतःच्या ताणाने धरून राहते. ज्यांना लावायचंय त्यांनी बाहेरच्या बाजूला लाल लॉकटाइटचा एक थेंब लावा, आतल्या आट्यात उतरू देऊ नका.

आता बोल्ट हाताने घाला. शेवटपर्यंत बोटांनी जायला पाहिजे. थोडा घट्ट वाटला तर हरकत नाही, पण अडकायला नको.

कॉइल वाकडी बसली तर घाबरू नका, वरच्या टोकाला बारीक नोज प्लायरने पकडून आतल्या बाजूला ओढा, ती सुटून तार म्हणून बाहेर येते. टॅप केलेलं भोक तसंच राहतं, नवीन कॉइल बसवा.

टॉर्क

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा तोच ठेवा, इन्सर्ट बसवला म्हणून वाढवायचा नाही. मॅन्युअल नसेल तर ८.८ ग्रेडच्या (बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्टला अंदाजे एम ६ ला १० न्यूटन मीटर, एम ८ ला २० ते २५, एम १० ला ४५ च्या आसपास, आणि ॲल्युमिनियममध्ये खालच्या बाजूने राहिलेलं बरं. १० न्यूटन मीटर म्हणजे किती कमी असतं हे टॉर्क रेंच हातात घेतल्याशिवाय पटत नाही, लांब दांड्याच्या रॅचेटने नुसतं मनगट वळवलं तरी तो पार होतो. टॅपेट कव्हरचे आटे एवढे का जातात त्याचं उत्तर इथेच आहे.

ज्या जागांचं गणित वेगळं आहे

ड्रेन प्लग. बऱ्याच गाड्यांत तो एम १४ बाय १.५ असतो, काहींत एम १२ बाय १.२५. आधी चेंबर कशाचा आहे ते चुंबक लावून बघा. पत्र्याचा असेल तर आटे त्याला वेल्ड केलेल्या नटात असतात, आणि अशा वेळी नवीन चेंबरची किंमत विचारून बघा, खूपदा तेच स्वस्त पडतं. ॲल्युमिनियमचा असेल तर हेलिकॉइल छान बसतं. गाडीला लावलेल्या स्थितीत करणार असाल तर तेल पूर्ण काढून टाका, ड्रिल आणि टॅपच्या खाचा ग्रीसने भरा म्हणजे कीस त्यात चिकटतो, मधे मधे पुसून परत ग्रीस भरा. शेवटी वरून अर्धा लिटर स्वस्तातलं तेल ओतून खालून वाहून जाऊ द्या, दोनदा. ॲल्युमिनियम चुंबकाला येत नाही, त्यामुळे चुंबक फिरवून साफ झालं असं समजू नका. गळती थांबवायचं काम आटे करत नाहीत, वॉशर करतो, म्हणून प्लग टेकतो तो पृष्ठभाग सपाट आणि ओरखडा नसलेला हवा, आणि वॉशर नवीन.

टॅपेट कव्हर. एम ६, आणि खाली लगेच कॅमशाफ्ट. ड्रिल करायच्या आधी आजूबाजूचं सगळं, तेल खाली जायची भोकं सकट, फडक्यांनी बुजवा आणि किती फडकी आत घातली ते मोजून ठेवा. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप दुसऱ्याने भोकाशेजारी धरला तर अर्धं टेन्शन जातं. इथे हवा मारू नका, चुरा उडून नेमका नको तिथे जातो.

स्पार्क प्लग. हे शेवटी, हात बसल्यावर. प्लगचे आटे १४ किंवा १२ मिमी, दोन्हीला पिच १.२५, काही नव्या इंजिनांना १० मिमी बाय १. चौदाच्या प्लगसाठी असा टॅप मिळतो ज्याचा खालचा भाग जुन्या उरलेल्या आट्यांत गाइड म्हणून बसतो आणि वरचा भाग मोठे आटे कापतो, ड्रिल लागतच नाही, तोच घ्या. त्या सिलिंडरचा पिस्टन टॅपपासून लांब खाली न्या, टॅपला भरपूर ग्रीस, आणि दर वेढ्या-दोन वेढ्यांनी बाहेर काढून पुसा. नंतर बारीक नळी व्हॅक्यूमला जोडून सिलिंडरमधून ओढून घ्या. इन्सर्ट ज्वलन कक्षात बाहेर डोकावता कामा नये, लोंबणारा आटा लाल होतो आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतो. प्लग वॉशरवाला नसून तिरक्या सीटचा असेल तर हे काम घरी करू नका. आणि पुढे कधीही गरम इंजिनवर प्लग काढू नका, आटे प्लगबरोबर ओढले जातात.

टॅप आत तुटला तर

होतं हे. तुटलेला टॅप ड्रिलने निघत नाही, टॅप ड्रिलपेक्षा मऊ नसतो, उलट ड्रिल घसरून बाजूचं ॲल्युमिनियम खातं. थोडा वर आलेला असेल तर प्लायरने मागे-पुढे हलवून बघा. आतच असेल तर त्याच्या चार खाचांत बसणारा टॅप एक्स्ट्रॅक्टर असतो. तोही चालला नाही तर थांबा आणि पार्ट सुटत असेल तर अंबडला टूलरूमवाल्यांकडे न्या, स्पार्क इरोजन मशीनवर टॅप जाळून काढतात, भोकाला धक्का लागत नाही. सुटत नसेल तर मोबाइल मशीनवाला शोधावा लागतो, आणि तो शोधताना लक्षात येतं की चांगल्या टॅपवर पैसे का घालायचे असतात.

सगळं लावून झालं की बॅटरी जोडा, इंजिन चालू करून गरम होऊ द्या, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग गळती बघा आणि ब्रॅकेटसारख्या बोल्टवर टॉर्क रेंच परत एकदा त्याच आकड्याला लावा. पहिल्या दिवशी त्र्यंबक रोडने एक चक्कर मारा, परत येऊन खाली टॉर्च टाका. दोन-चार दिवस शहरातच चालवून मग कसारा घाट उतरा. आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर लिहून घ्या की या बोल्टला इन्सर्ट आहे, सुरुवात हाताने करा, एअर गन नको.